कुशावर्ता वहिनींची किंकाळी

शिरड शहापूरला एका हळदीच्या कार्यक्रमाचं शूटिंग करत होतो तेव्हा दादाचा फोन आला. डीजे चालू होता, नवरदेवाच्या मावश्या त्याच्या गालांना हळद फासत होत्या आणि माझ्या खिशात फोन थरथरत होता. दोनदा मी तो तसाच राहू दिला. मग कॅमेरा जोडीदाराकडे दिला आणि मांडवामागे, आचाऱ्यांच्या भट्ट्या होत्या तिकडे गेलो. दादा म्हणाला, "गेली रे." मी विचारलं, "कोण?" कोण ते मला माहीत होतं. घरातले आम्ही सगळे कितीतरी दिवसांपासून याच बातमीची वाट पाहत होतो, तरी तोंडातून तेच निघालं. दादा चिडला नाही. "तुझी वहिनी," म्हणाला. माझ्याकडचा डीजे तेवढा दोघांना ऐकू येत राहिला...

कुशावर्ता वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, माणिकदादाची बायको. माहेर पुसेगावचं. डोंगरकड्याला आमच्या घरी त्या आल्या तेव्हा मी बारावीला होतो. पहिले काही महिने त्यांचा आवाज कसा आहे हेच मला कळलं नव्हतं. आम्ही हळदीच्या वावरात कामाला असलो आणि जेवायची वेळ झाली, तर इतर घरच्या बाया बांधावरून हाक मारत. वहिनी अख्खं वावर तुडवत आमच्यापर्यंत यायच्या आणि जवळ उभ्या राहून म्हणायच्या, "भाकरी झाल्या." आमचे बाबा कानानं अधू होते. त्यांच्याशी बोलायची वेळ आली की वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन त्यांच्यासमोर नुसत्या उभ्या राहत. काय ते त्यांनीच ओळखायचं. आमच्याकडं ही बाईची शोभा समजली जाते. शेजारच्या बाया आपल्या सुनांना सांगत, कुशावर्ताकडं पाहा, तिचा आवाज कधी उंबऱ्याच्या बाहेर आला का? अशा बाईला पुढं कुठकुठच्या अनोळखी माणसांनी तिच्या आवाजावरून ओळखावं, हे कसं झालं ते सांगायला मला आधी माझ्या एका नादाबद्दल सांगावं लागेल.

लग्नाचं शूटिंग हा माझा धंदा, गावातच त्याचं छोटं दुकान आहे. नाद वेगळा. शाळेत असताना मी आणि माझा मित्र यासीन हिंगोलीला एका पत्र्याच्या व्हिडिओ हॉलमध्ये जायचो. तिथं स्वस्तातले भुताखेतांचे, कापाकापीचे पिक्चर लागत. रबरी मुखवट्याचं भूत, तुटून पडलेला आणि तरी सरपटणारा हात, भिंतीवर उडालेलं पातळ गुलाबी रक्त. तो हात ओढणारा दोरा सरळ दिसायचा. अर्धा हॉल घाबरायचा, अर्धा हसायचा, आणि थोड्या वेळानं हसणारे घाबरायचे अन् घाबरलेले हसायचे. लोक मला अजून विचारतात, असले घाणेरडे पिक्चर काहून आवडतात तुला? नीट सांगता येत नाही. मोठ्या पैशाच्या पिक्चरमध्ये माणूस मरतो तेव्हा ते इतकं सफाईनं होतं की आपलं त्याच्यापुढं काही चालत नाही. स्वस्तातल्या पिक्चरमध्ये मरणाची शिवण दिसते. ज्यानं ते केलं तो आपल्यासारखाच कोणीतरी होता, त्याच्याकडं दुसरं काही नव्हतं पण बादलीभर लाल रंग होता, हे कळत राहतं. घाबरून घ्यायचं, हसून घ्यायचं आणि उठून घरी जायचं. एवढीच त्याची मजा असेल. पण ती मजा मला दुसऱ्या कशात सापडली नाही.

लॉकडाऊनमध्ये लग्नं बंद झाली आणि कॅमेरा घरात पडून राहिला. यासीन पेंटर आहे, दुकानांच्या पाट्या रंगवतो. त्याचंही काम थांबलेलं. आम्ही दोघांनी ठरवलं, आपणच एक पिक्चर काढू. जागेचा प्रश्न नव्हता. डोंगरकड्याच्या आसपास केळीच्या बागा आहेत, आमचीही एक आहे. भर दुपारी आत शिरलात तरी हिरवा अंधार असतो, आणि वारा आला की पानं अशी फाटतात की कोणी मागं चालतंय असं वाटावं. केळीचा खांब तर देवानं या पिक्चरसाठीच बनवला असावा. तो लाल रंगात भिजवून बाहीत कोंबला आणि कुऱ्हाड घातली, की हात तुटल्याचा आवाज अगदी बराबर येतो. मातीवर सांडायचं रक्त हळदीत चुना कालवून करायचो, आणि अंगावरचं रक्त गुळाच्या पाकाचं. तो पाक वहिनी घरी चुलीवर करून द्यायच्या. कशासाठी लागतो हे त्यांनी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा पातेलं नेलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "लई पातळ झालाय का? रक्त इतकं पळत नसते."

पिक्चरमध्ये जिचा खून व्हायचा होता ती मुलगी ऐनवेळी आलीच नाही. आम्ही तिच्याशिवाय जेवढं जमेल तेवढं काढलं, पण किंकाळी कुठून आणायची? यासीननं ओरडून पाहिलं, ते बोकडासारखं निघालं. मी ओरडलो तर तो हसायला लागला. वहिनी आमच्यासाठी चहाची किटली घेऊन बागेत आल्या होत्या आणि खांबाला टेकून हे बघत होत्या. त्या म्हणाल्या, "मी ओरडू का? तोंड दिसू देऊ नका पण." मला वाटलं चेष्टा करतात. मी माईक त्यांच्यापुढं धरला. त्यांनी पदर सावरला, किटली खाली ठेवली, डोळे मिटले... आणि ओरडल्या.

ती किंकाळी मी आजवर शेकडो वेळा ऐकली आहे, तरी तिचं वर्णन करता येत नाही. ती घशातून आली नव्हती, एवढं नक्की. बांधावरच्या बाभळीतले कावळे उठले. यासीनच्या हातातलं भांडं पडलं. पलीकडच्या वावरातून दादा हातात विळा घेऊन पळत आला. "काय झालं? कोणाला काय झालं?" मी माईक बंद केला. वहिनींनी डोळे उघडले, नवऱ्याला पाहून पदर डोक्यावर घेतला आणि माझ्याकडं वळून हळूच विचारलं, "जमलं का?"

जमलं होतं. पिक्चर नेटवर टाकला तेव्हा लोकांनी आमच्या भुताला शिव्या घातल्या, कॅमेऱ्याला नावं ठेवली, पण सगळे विचारत होते की ही बाई कोण. दुसऱ्या पिक्चरला वहिनींनी पाठमोरं यायचं कबूल केलं. तिसऱ्यापासून त्या तोंड दाखवून मरायला लागल्या. कुऱ्हाडीनं मेल्या, विहिरीतल्या हडळीनं त्यांना ओढलं, आणि ज्या पिक्चरनं आमचं नाव झालं त्यात तर त्यांना हळद पॉलिश करायच्या ढोलात टाकलं होतं. ढोल फिरायला लागतो आणि त्याच्या जाळीतून पिवळी धूळ उडायच्या ऐवजी लाल चिळकांड्या उडतात. आत वहिनी नव्हत्या, रंगात बुडवलेले जुने कपडे होते. वहिनी माझ्या बाजूला उभ्या राहून आवाज देत होत्या, आणि मग अंगावर पाक ओतून घेऊन ढोलाखाली मेलेल्या पडल्या.

दादानं आधी विरोध केला. "लोक काय म्हणतील? घरची बाई..." असं दोन-चार दिवस चाललं. वहिनी त्याच्याशी भांडल्या नाहीत. त्यांनी फक्त शूटिंगच्या दिवशी सकाळी लवकर स्वयंपाक उरकला आणि जुनी साडी नेसून दारात बसून राहिल्या. दादा बघत राहिला. शेवटी म्हणाला, "जा. पण मी पण येतो." पुढं तो आमचा रक्तवाला झाला. नवा कोरा फवारणीचा पंप आणला, त्यात पाक पातळ करून भरला, आणि पंप पाठीला लावून तो आपल्या बायकोवर रक्त उडवायचा. उडवताना तोंड फिरवायचा. त्यामुळं नेम चुकायचा आणि अर्धं रक्त यासीनच्या अंगावर जायचं. वहिनी मेलेल्या पडल्या पडल्या हसायच्या आणि सीन पुन्हा करावा लागायचा. गुळाच्या वासानं मुंगळे यायचे. ते मानेला चावायचे तरी मी थांब म्हणेपर्यंत वहिनी हालायच्या नाहीत. मग उठायच्या, साडी झटकायच्या आणि पहिली गोष्ट विचारायच्या, "चहा ठिवू का?" त्यांचं हे उठणं मी प्रत्येक पिक्चरच्या शेवटी जोडायचो. लोकांना ते पिक्चरइतकंच आवडायचं.

एकदा दुपारी शूटिंग संपल्यावर त्या हौदापाशी केसातला पाक धूत होत्या. पाक वाळला की केसांचं लाकूड होतं. मी कॅमेरा आवरत होतो. सहज विचारलं, "वहिनी, तुमाला यात काय आवडते?" त्या तांब्यावर तांब्या ओतत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथं ओरडलं तर कोणी काहून ओरडली म्हणत न्हाई." आणि आपणच पुढं बोलत गेल्या. पहिल्या बाळंतपणाला त्या पुसेगावला होत्या. ते बाळ राहिलं नाही, हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं ते हे, की कळा चालू असताना घरातल्या म्हाताऱ्या त्यांच्या तोंडावर हात ठेवत होत्या. ओसरीवर माणसं बसली होती. "आवाज करू नको म्हणत होत्या. मी न्हाई केला." एवढं सांगून त्यांनी केस पिळले. "अन् भावजी, मरून उठलं की भूक लई लागते बघा. बराबर लागते." आणि त्या स्वयंपाकाला गेल्या.

त्यानंतर मी तो विषय पुन्हा काढला नाही. पण पिक्चर काढायचे थांबवलेही नाहीत. लग्नं पुन्हा सुरू झाली, तरी दर दोन-तीन महिन्यांनी आम्ही बागेत जायचो. वहिनीच विचारायच्या, "या खेपेला कसं मारणार हाय मला?" बाजारात बाया त्यांना थांबवायच्या, एखादी म्हणायची, "ओरडून दाखीव ना उलीसं, थोडंसंच." वहिनी तोंडाला पदर लावून निघून यायच्या. घरात त्यांचा आवाज पहिल्यासारखाच राहिला. भाकरी झाल्या हे सांगायला त्या अजून चालतच यायच्या.

गेल्या वर्षी त्या वाळत चालल्याचं आधी पल्लवीच्या लक्षात आलं. पल्लवी ही दादा-वहिनींची मुलगी, नांदेडला शिकते. सुट्टीत आली आणि आईला बळंच दवाखान्यात घेऊन गेली. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होता. तो पसरून गेला होता. डॉक्टर चांगल्या होत्या, शांतपणे समजावत होत्या. त्यांनी विचारलं, अंगावरून जात होतं, त्याला किती दिवस झाले? वहिनी खाली बघून म्हणाल्या, "लई दिवस." घरी कोणाला कसं कळलं नाही? उत्तर त्यांनी पल्लवीला दिलं, बाहेर आल्यावर, आणि पल्लवीनं मला. शूटिंगच्या साड्या वहिनी स्वतःच धुवायच्या. आमच्या वाळवणाच्या तारेवर लाल डाग पडलेल्या साड्या सतत असायच्या. घरात कोणी त्यांच्याकडं बघायचंही नाही. "तुझ्या काकाच्या रक्तात माझं खपून गेलं," असं त्या म्हणाल्या होत्या. तक्रार म्हणून नव्हे. जसं काही बरंच झालं, कोणाला तकलीफ झाली नाही... पल्लवी मला हे दवाखान्याच्या नळापाशी सांगत होती. मी नळ चालू केला आणि हात धूत राहिलो.

पुढं संभाजीनगरला रेडिएशनचे शेक सुरू झाले. दादा तिथंच राहायचा, मी काम सांभाळून जाऊन-येऊन. एकदा दुपारी गेलो तर वॉर्डातल्या बाया वहिनींच्या खाटेभोवती जमलेल्या. कोणाच्या हाताला सलाईन, कोणाच्या डोक्याला रुमाल. मधे पल्लवीचा फोन, आणि फोनवर ढोलाचा पिक्चर. वहिनी उशीला टेकून बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवरच्या फोनमध्ये त्या मरत होत्या. बाया घाबरत होत्या आणि हसत होत्या, व्हिडिओ हॉलमधल्यासारख्याच. तांड्यावरची एक म्हातारी होती, सगळ्यांत आजारी तीच असावी. ती म्हणाली, "उठतीस ते पुन्हा दाव." पल्लवीनं मागं नेऊन दाखवलं. रक्तानं माखलेल्या वहिनी उठल्या, साडी झटकली, चहाचं विचारलं. म्हातारीनं ते तीन-चारदा बघितलं. मग हात लांब करून खाटेवरच्या वहिनींच्या गालाला बोट लावलं, खरंच बसली आहे का ते पाहावं तसं. त्या दिवशी मला वाटलं, हे शेक लागू पडतील. असं वाटायला काहीच कारण नव्हतं.

शेक लागू पडले नाहीत. दुखणं वाढलं. औषध दिलं की थोडा वेळ बरं, मग पुन्हा. वॉर्डात कोणी कण्हायचं, कोणी देवाचा धावा करायचं, एक जण आईला हाका मारायची. वहिनी गप्प. पाय पोटाशी घेऊन, पदराचा बोळा दातांत धरून पडून राहायच्या, आणि कपाळावरून घाम वाहत असायचा. एका दुपारी मी एकटाच होतो, दादा औषधं आणायला खाली गेलेला. ते बघवेना. मी खाली वाकून म्हणालो, "वहिनी, ओरडा. इथं कोणी काही म्हणत न्हाई. जोरात ओरडा." त्यांनी डोळे उघडले. बोळा काढला. शेजारच्या खाटेकडं नजर नेली आणि म्हणाल्या, "तिचा आत्ताच डोळा लागलाय, भावजी." आणि बोळा परत तोंडात घेतला. आमच्या पिक्चरमध्ये मी थांब म्हटलं की त्यांचं मरण थांबायचं. इथं मी स्टुलावर बसून पंख्याकडं बघत होतो.

शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. घरी त्या पंधरवडाभर होत्या. मी रोज त्यांच्याजवळ बसायचो. त्या दिवशी मात्र शिरड शहापूरचं काम आधीच घेतलेलं होतं. सकाळी निघताना डोकावलो तर दादा त्यांना चमच्यानं पाणी पाजत होता. जातो म्हणालो. त्यांनी मान हलवली. त्या गेल्या तेव्हाही आवाज झाला नाही. दादा शेजारीच होता, त्यालाही कळायला वेळ लागला.

आता दीडेक महिना झाला. नेटवर पिक्चर तसेच आहेत. ज्यांना कळलं नाही ते अजून विचारतात, काकूंचा नवा पिक्चर कधी? मी लिहायला घेतो आणि पुसतो. काढून टाकू का, असं दादाला विचारलं. तो म्हणाला, "काढून काय हुईन? राहू दे." यासीन परवा पाट्यांचं काम सोडून आला, बागेत एक चक्कर मारली आणि परत गेला.

पल्लवी नांदेडला परत जायच्या आदल्या दिवशी माझ्याकडं आली. म्हणाली, "काका, मला आईचा आवाज द्या. बोलतानाचा." मी म्हणालो देतो. एवढी वर्षं माझ्या हातात कॅमेरा, एवढ्या लग्नांमध्ये वहिनी होत्या, कुठंतरी असेलच. मी सगळं काढून बसलो. वहिनी दिसत होत्या. वाढताना, कोणाला कुंकू लावताना, पोरींच्या घोळक्यात मागं उभ्या. ओठ हलताना दिसत होते. पण त्या इतकं हळू बोलायच्या की बँड, मिक्सर, केळीची पानं, कसलाही आवाज त्यांच्या वरचढ होता. "चहा ठिवू का" सुद्धा मी पिक्चरमध्ये गाण्याखाली टाकलं होतं आणि मूळ रेकॉर्डिंग पुसून गेलं होतं. शिल्लक होत्या त्या फक्त किंकाळ्या. त्या भरपूर होत्या. पोरीला आईची किंकाळी कशी द्यायची?

मग त्या किंकाळ्यांची न कापलेली रेकॉर्डिंग ऐकता ऐकता मला एक गोष्ट ऐकू आली. ओरडण्याआधी वहिनी श्वास घ्यायच्या. लांब, सावकाश, पाण्यात उतरण्याआधी घेतात तसा. तो घ्यायच्या आधी किंचित थांबायच्या. एडिटिंग करताना तो भाग मी दर वेळी कापून टाकायचो. भीती लवकर यायला पाहिजे म्हणून. पण मूळ रेकॉर्डिंगमध्ये तो तसाच होता. वारा नाही, पानं नाहीत, अगदी माईकजवळ. मी ते सगळे श्वास एकापाठोपाठ लावून पल्लवीला ऐकवले. ती डोळे मिटून ऐकत होती. म्हणाली, "हीच. पीठ मळायला बसताना अशीच घ्यायची." फोनमध्ये घालून घेतलं आणि गेली.

दादाला मी हे सांगितलं नव्हतं, पल्लवीनं सांगितलं. आता तो संध्याकाळी वावरातून येताना माझ्या दुकानावरून येतो. हातपाय धुतलेले नसतात, हळदीच्या मातीनं भरलेले असतात. लाकडी बाकावर बसतो आणि म्हणतो, "लाव." मी त्याला पल्लवीला कापून दिलेलं लावत नाही, त्याला पहिल्या दिवशीचं पाहिजे असतं, बागेतलं, अख्खं. आधी किटली खाली ठेवल्याचा आवाज येतो, मग काहीच नाही, मग वहिनी श्वास घ्यायला लागतात. दादा मान खाली घालून ऐकतो. श्वास भरत येतो, पूर्ण भरतो, आणि किंकाळी यायच्या आत मी बंद करतो. दादा तळव्यावरची माती खरवडतो. मग म्हणतो, "आणखी एक बार लाव."

मी लावतो.